जे सिद्ध झालेलं नाही, त्याची फी कशासाठी?

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांवर स्टेम सेलचे, म्हणजे नव्या पेशी घडवू शकणाऱ्या मूलपेशींचे, उपचार करू द्यावेत की नाही, यावर गेल्या काही वर्षांत जी चर्चा कानावर आली, ती बहुतेक दोन वाक्यांत मावते. एक बाजू म्हणते, 'मूल आमचं, पैसा आमचा, तुम्ही अडवणारे कोण?' दुसरी म्हणते, 'हा सगळा भोंदूपणा आहे आणि त्याला भुलणारे आईबाप अडाणी आहेत.' डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने स्वमग्नतेवर मूलपेशींच्या उपचाराची शिफारस करता येत नाही, तो करणं आणि त्याची जाहिरात करणं हे व्यावसायिक गैरवर्तन मानावं, असं मत दिलं. प्रकरणं न्यायालयांपर्यंत गेली. तरी पालकांच्या गटांमध्ये आणि टीव्हीवरच्या वादांमध्ये सूर तोच राहिला. आता त्यात एक्झोसोमची भर पडली आहे. पेशी नकोत तर पेशींतून झिरपणारं द्रव्य घ्या, तेच गुण, धोका काही नाही, अशी मांडणी गुडघेदुखीपासून केसगळतीपर्यंत सगळीकडे होते आहे.

मला यात दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नाभोवती फिरताना दिसतात. माझं म्हणणं असं आहे: अस्थिमज्जारोपण, म्हणजे हाडांतल्या रक्त घडवणाऱ्या मूलपेशींचं रोपण, यासारखे मोजके सिद्ध उपचार आणि औषध नियंत्रकांनी रीतसर मंजूर केलेली उत्पादनं सोडली, तर मूलपेशी आणि एक्झोसोम यांचा माणसावरचा प्रत्येक वापर मंजूर चाचणीतच व्हावा, आणि त्या चाचणीत रुग्णाकडून एक रुपयाही घेतला जाऊ नये. माझा भर दुसऱ्या अटीवर जास्त आहे. उपचार सिद्ध नसणं हा काही गुन्हा नव्हे. आज सर्वमान्य असलेला प्रत्येक उपचार कधीतरी असिद्धच होता. पण असिद्ध उपचार विकायला काढला, की तो खरोखर चालतो का हे शोधण्याची गरज विकणाऱ्याला उरत नाही. उत्तर 'हो' आलं तर धंद्यात फारशी भर पडणार नसते. 'नाही' आलं तर दुकान बंद होतं. मग चाचणी कोण करेल, आणि कशासाठी?

आधी भोंदूपणाच्या आरोपाबद्दल, कारण ती चूक सुशिक्षितांकडून जास्त होते. मूलपेशी ही थाप नाही. डॉ. ई. डॉनल थॉमस यांनी अमेरिकेत १९५७ मध्ये माणसांवर अस्थिमज्जारोपणाचे पहिले प्रयत्न प्रसिद्ध केले आणि १९९० मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आपल्याकडे २० मार्च १९८३ रोजी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर तिच्या भावाच्या मज्जेतून रोपण केलं. देशातलं हे पहिलं यशस्वी रोपण. आज थॅलेसेमिया झालेली मुलं याच उपचाराने रक्त चढवण्याच्या फेऱ्यातून सुटतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत चुना किंवा एखादं रसायन जाऊन एक डोळा आंधळा झालेल्या माणसांना दुसऱ्या, निरोगी डोळ्याच्या कडेचा इवलासा तुकडा लावून दृष्टी परत मिळते. त्या कडेत बुबुळाचं पारदर्शक आवरण सतत नवं करणाऱ्या मूलपेशी असतात. डॉ. वीरेंद्र सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तर त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याचीही गरज उरली नाही, त्यामुळे खर्च खूप खाली आला. हे सगळं डोळ्यांसमोर असताना जो माणूस 'स्टेम सेल म्हणजे लबाडी' असं सरसकट म्हणतो, त्याचं पालकांनी का ऐकावं? त्यांच्या शेजारच्या घरातलं मूल त्याच शब्दाने वाचलेलं असतं.

असे असिद्ध उपचार विकणारी खासगी केंद्रं चालवणारे नेमकं इथेच बोट ठेवतात. 'अस्थिमज्जारोपण तरी सुरुवातीला प्रयोगच होता ना? त्या काळी लोकांनी नावंच ठेवली. आम्हीही त्याच वाटेवर आहोत.' हा युक्तिवाद वजनदार आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. १९५०च्या उत्तरार्धात आणि १९६०च्या दशकात जगभर दुसऱ्याची मज्जा देण्याचे सुमारे २०० प्रयत्न झाले. मॉर्टिमर बॉर्टिन यांनी १९७० मध्ये त्यांची यादी करून काय दाखवलं? बहुतेक रुग्ण दगावले होते. ही यादी करता आली, कारण त्या डॉक्टरांनी आपली अपयशं लिहून ठेवली होती, नियतकालिकांत छापली होती. बहुतेकांनी माणसांवरचे प्रयोग थांबवले. थॉमस आणि त्यांचे सहकारी पुन्हा कुत्र्यांवरच्या अभ्यासाकडे वळले, दाता आणि रुग्ण यांच्या पेशींची जुळणी कशी करायची ते शिकले, आणि दशकाच्या शेवटी पुन्हा माणसांकडे आले. मृत्यू मोजले गेले म्हणून जीव वाचवायला शिकता आलं. आपल्याकडच्या खासगी केंद्रांची पत्रकं चाळून पाहा. बरं वाटलेल्यांच्या चित्रफिती भरपूर सापडतील. किती जणांना काहीही फरक पडला नाही, किती जण मधेच निघून गेले, किती जणांना झटके आले, हा आकडा कुठे सापडतो? त्याच वाटेवर असल्याचा दावा करणाऱ्याने ही वही आधी दाखवावी.

आता एक्झोसोम. यावर जरा थांबून बोलायला हवं, कारण इथलं विज्ञान खरोखर मोहक आहे आणि त्याच मोहकपणाचा फायदा घेतला जातो. अस्थिमज्जा, चरबी, नाळ यांत सापडणाऱ्या मेसेन्कायमल पेशींना अरनॉल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये मूलपेशी म्हटलं. अपेक्षा अशी होती, की या पेशी शरीरात जाऊन हृदयाचे स्नायू, कूर्चा, कदाचित मज्जातंतूही होतील. तसं फारसं घडताना दिसलं नाही. शिरेतून दिलेल्या या पेशींपैकी बहुतेक फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकतात आणि थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. तरीही प्राण्यांवरच्या प्रयोगांत काही परिणाम दिसत होते. मग काम कोण करत होतं? पेशी बाहेर सोडतात ते संदेश, असा निष्कर्ष हळूहळू पुढे आला. स्वतः कॅप्लन यांनी २०१७ मध्ये या पेशींना मूलपेशी म्हणणं थांबवा, असं जाहीरपणे लिहिलं.

त्या संदेशवाहकांपैकी एक म्हणजे एक्झोसोम. साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या, चरबीच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या पुड्या. १९८३ मध्ये माँट्रियलमध्ये रोझ जॉनस्टोन यांच्या आणि सेंट लुईसमध्ये फिलिप स्टाल यांच्या गटाला त्या कोवळ्या लाल रक्तपेशींत दिसल्या. पक्व होताना नकोसं झालेलं प्रथिन पेशी या पुड्यांतून बाहेर टाकत होत्या. बराच काळ हा पेशींचा केर समजला गेला. २००७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी या पुड्यांत आरएनए (जनुकांचा संदेश वाहणारा रेणू) असतो आणि तो दुसऱ्या पेशीत जाऊन वाचलाही जातो, हे दाखवलं. २०१० मध्ये सिंगापूरच्या एका गटाने मेसेन्कायमल पेशींच्या एक्झोसोममुळे उंदरांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने होणारं नुकसान कमी झाल्याचं मांडलं. या पुड्यांना केंद्रक नसतं, त्या विभागत नाहीत, म्हणून त्यांची स्वतःची गाठ होण्याची भीती नाही. गोठवून ठेवता येतात, गाळता येतात. कोणत्याही तरुण संशोधकाचे डोळे चमकावेत असंच हे क्षेत्र आहे, आणि यावर पैसा व बुद्धी खर्च व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

पण औषध व्हायचं तर काही साध्या प्रश्नांची उत्तरं लागतात. मात्रा कशात मोजायची? कणांच्या संख्येत, प्रथिनाच्या वजनात, की किती पेशींपासून मिळालं त्यात? याबद्दल अजून एकमत नाही. एकाच दात्याच्या पेशी, पण त्या कितव्यांदा वाढवल्या, प्राणवायू किती होता, कशात वाढवल्या, यावर पुडीतला माल बदलतो. गाळताना त्याच आकाराचे इतर कण सोबत येतात. कुपीवर अब्जावधी कणांचा आकडा छापलेला असतो आणि तो आकडाच गुण म्हणून सांगितला जातो. हापूसच्या पेटीवर चार डझन लिहिलं म्हणून आतल्या आंब्यात साका नाही हे कळत नाही, तसंच ते आहे. त्या बॅचने अमुक आजारात अमुक काम केलंच पाहिजे, हे तपासणारी कसोटी नसेल तर आज टोचलेली कुपी आणि पुढच्या महिन्यात टोचलेली कुपी ही एकच गोष्ट आहे, हे डॉक्टरला तरी कसं कळणार?

कायद्याची बाजूही इथे लंगडी पडते. आपल्या २०१९च्या नवीन औषधं आणि चाचण्यांच्या नियमांनी मूलपेशींपासून तयार केलेल्या उत्पादनाला 'नवीन औषध' ठरवलं, हे चांगलंच झालं. पण त्या व्याख्येत पेशींवर 'किमान प्रक्रियेपेक्षा जास्त' काम झालेलं असावं लागतं. मग 'आम्ही रुग्णाचीच चरबी काढतो, लगेच यंत्रात फिरवतो, लगेच टोचतो, प्रक्रिया ती काय' असं म्हणून एक दार किलकिलं ठेवलं जातं. एक्झोसोमच्या बाबतीत दुसरं दार. 'यात पेशीच नाहीत, मग पेशींचे नियम कसे लागतील?' माझ्या मते हे म्हणणं टिकत नाही. पेशी कित्येक दिवस वाढवायच्या, मग त्यांच्या द्रवातून या पुड्या वेगळ्या काढायच्या, याला किमान प्रक्रिया कुणी म्हणू शकेल का? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर एक्झोसोम हे औषध आणि जैविक उत्पादनच आहे, आणि असं एकही उत्पादन मंजूर केलेलं नाही, असं डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर केलं. ते उगाच केलं नाही. नेब्रास्का राज्यात एक्झोसोमच्या नावाने विकलेल्या उत्पादनांमुळे रुग्णांना गंभीर त्रास झाल्याच्या नोंदी आल्या होत्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं अस्थिमज्जारोपणाच्या मान्य उपयोगांव्यतिरिक्त बाकी सगळं संशोधनच आहे, आणि संशोधनात रुग्णाकडून पैसे घेता येणार नाहीत, असं स्वच्छ सांगतात. पण ती मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांना कायद्याचे दात नाहीत.

'स्वतःच्याच पेशी आहेत, अपाय कसा होईल?' हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे, की त्याचं उत्तर द्यायलाच हवं. फ्लोरिडातल्या एका केंद्रात वयोमानाने दृष्टी मंद झालेल्या तीन स्त्रियांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या गेल्या. दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी. प्रत्येकीने ५,००० डॉलर भरले होते. थोड्याच दिवसांत तिघींची दृष्टी गेली किंवा जवळजवळ गेली. हे २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये सविस्तर आलं. दुसऱ्याच्या पेशी असतील तर आणखी वेगळे धोके. एका दुर्धर मेंदुविकाराने आजारी असलेल्या इस्रायली मुलाला मॉस्कोत गर्भाच्या मेंदूतल्या पेशी देण्यात आल्या. काही वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मणक्यात गाठी सापडल्या, आणि तपासणीत त्या गाठी दात्यांच्या पेशींपासून झालेल्या निघाल्या. बहुतेक रुग्णांना असं काही होत नाही, हे मान्य आहे. पण 'बहुतेकांना होत नाही' म्हणजे किती जणांना होतं, हे सांगणारी नोंदच आपल्याकडे ठेवली जात नाही.

मग येतो सगळ्यांत हळवा मुद्दा. 'आम्हाला फरक दिसला.' ज्या आईने हे सांगितलं ती खोटं बोलत नाही, हे मी पहिल्यांदा मान्य करतो. तिचं मूल आता नजरेला नजर देतं, हाक मारली की वळतं. प्रश्न एवढाच, की ते कशामुळे? १९९८ मध्ये अमेरिकेत सिक्रेटिन या पचनसंस्थेच्या संप्रेरकाबद्दल अशीच लाट आली. तीन मुलांमध्ये मोठी सुधारणा झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली आणि हजारो पालक त्यामागे धावले. पुढच्याच वर्षी ६० मुलांवर आंधळी चाचणी झाली. निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना साधं खारं पाणी, आणि कुणाला काय मिळालं हे पालकांनाही माहीत नाही, तपासणाऱ्यांनाही नाही. दोन्ही गटांतली मुलं सुधारली. सारखीच सुधारली. याहून विलक्षण गोष्ट म्हणजे हा निकाल सांगितल्यावरही ६९ टक्के पालकांनी आपल्याला सिक्रेटिनमध्ये अजून रस आहे असं सांगितलं. स्वमग्न मूलही वाढत असतं, शिकत असतं. वाईट काळात आपण उपचाराकडे वळतो, आणि वाईट काळानंतर बहुधा जरा बरा काळ येतोच. शिवाय केंद्रांत इंजेक्शनच्या सोबत वाचोपचार आणि ऑक्युपेशनल थेरपीही जोरात चालते. या गुंत्यातून इंजेक्शनचा वाटा वेगळा काढायचा एकच मार्ग माणसाला सापडलेला आहे, आणि तो म्हणजे तुलनेचा गट. अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठाने नाळेतल्या रक्ताबाबत तो अवलंबला. २ ते ७ वर्षांच्या १८० मुलांवरच्या या चाचणीचा निकाल २०२० मध्ये आला. सामाजिक वर्तनातल्या सुधारणेचं जे मुख्य उद्दिष्ट आधीच ठरवलं होतं, ते गाठलं गेलं नाही. त्या संशोधकांना या उपचारावर विश्वास होता. तरीही त्यांनी निकाल जसा आला तसा छापला, याचं मला मोल वाटतं.

विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा मात्र पुराव्याचा नाहीच, वेळेचा आहे. 'तुमच्या चाचण्या संपेपर्यंत माझं मूल वीस वर्षांचं होईल. तोवर मी हातावर हात ठेवून बसू?' या प्रश्नापुढे कुणीही गप्प होईल. मीही झालो आहे. पण हाच प्रश्न, याच शब्दांत, एकदा विचारला गेला होता, आणि त्याचं काय झालं हे आपल्याला ठाऊक आहे. १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत, शरीरात इतरत्र पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावर एक नवा उपचार आला. केमोथेरपीचा जबर मारा, आणि त्यात मेलेली मज्जा पुन्हा उभी करायला रुग्णाच्याच मूलपेशी. तर्काला पटणारा, सुरुवातीचे आकडे आशादायक. विमा कंपन्या म्हणाल्या, हा अजून प्रयोग आहे. नेलीन फॉक्स या तरुण आईला विमा कंपनीने नकार दिल्यावर कुटुंबाने वर्गणी करून उपचार केला. ती १९९३ मध्ये गेली, आणि त्याच वर्षी ज्युरीने कंपनीला ८.९ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. त्यानंतर कंपन्या पैसे देऊ लागल्या, कायदेमंडळांनी सक्ती केली, रुग्णालयांना उत्पन्नाचं नवं साधन मिळालं. तीस हजारांहून जास्त स्त्रियांनी हा भयंकर त्रासाचा उपचार घेतला. आणि चाचण्या? त्या रखडल्या. बाहेर उपचार खात्रीने मिळत असताना नाणेफेक करून ठरणाऱ्या चाचणीत कोण जाईल? १९९९ मध्ये अखेर निकाल आले तेव्हा जवळजवळ सगळ्या चाचण्यांत फायदा शून्य निघाला. ज्या एका दक्षिण आफ्रिकी डॉक्टरचे आकडे झळाळते होते, वर्नर बेझवोडा, ते त्याने बनवलेले होते हे काही महिन्यांत उघड झालं. नेलीन फॉक्सच्या बाजूने उभे राहिलेले ज्युरी दुष्ट होते का? मुळीच नाही. त्यांच्या करुणेने पुढच्या हजारो स्त्रियांना काय दिलं, एवढंच विचारायचं आहे.

इटलीतली गोष्ट आपल्या आजच्या स्थितीच्या आणखी जवळची आहे. दाविदे व्हान्नोनी हा डॉक्टर नव्हता, संवादशास्त्र शिकवणारा प्राध्यापक होता. 'स्टॅमिना' नावाने त्याने मज्जासंस्थेचे असाध्य विकार असलेल्या मुलांवर मेसेन्कायमल पेशींचा उपचार सुरू केला. औषध नियंत्रकांनी थांबवलं. पालक न्यायालयात गेले, आणि एकामागून एक न्यायाधीशांनी ब्रेशियाच्या सरकारी रुग्णालयाला उपचार द्यायला लावले. टीव्हीवर आजारी बाळं दिसत होती, रस्त्यावर मोर्चे निघत होते. २०१३ मध्ये संसदेने या पद्धतीच्या चाचणीसाठी ३० लाख युरो मंजूर केले. मग वैज्ञानिकांच्या समितीने कृती तपासली आणि त्यात शास्त्रीय आधारच नाही असं सांगितलं. एलेना कात्तानेओ यांच्यासारख्या मूलपेशींच्याच संशोधक या विरोधात ठामपणे उभ्या राहिल्या, हे विसरू नये. या क्षेत्रावर प्रेम असणाऱ्यांनीच हे बोलायला हवं असतं. २०१५ मध्ये व्हान्नोनीने तडजोड करून शिक्षा पत्करली. मुलांची ती वर्षं परत आली नाहीत.

'असे नियम लावाल तर भारतात संशोधन होणारच नाही,' असंही ऐकू येतं. याचं उत्तर आपल्या घरातच आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या नेक्सकार-१९ या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच प्रतिकारपेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून परत द्यायच्या, म्हणजे गुंतागुंतीत कुठल्याही नाळेच्या इंजेक्शनच्या कितीतरी पुढे. पवईच्या प्रयोगशाळेतून खारघरच्या रुग्णशय्येपर्यंत तो नियमांच्या रस्त्यानेच आला, आणि परदेशातल्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात आला. बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सने मेसेन्कायमल पेशींचं उत्पादन पायाच्या गंभीर रक्तवाहिनी-विकारासाठी आणि २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी मंजूर करून घेतलं. म्हणजे दार बंद नाही. अमेरिकेत मेसेन्कायमल पेशींचं पहिलं औषध डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर झालं, तेही मज्जारोपणानंतर रोपलेल्या पेशीच शरीरावर उलटतात आणि स्टेरॉइडने भागत नाही अशा मुलांसाठी. मुख्य चाचणीत मुलं होती फक्त ५४. दोनदा नकार आला होता, आणि प्रत्येक बॅचची ताकद मोजायची कशी, ही शंका त्यामागे होती. एक्झोसोमवाल्यांसमोर आज तोच प्रश्न उभा आहे, फक्त तो सोडवायची त्यांच्यातल्या बहुतेकांना घाई दिसत नाही. जपानने २०१४ मध्ये मधला मार्ग काढून पाहिला: आधी सशर्त मंजुरी, विक्री, आणि पुरावा नंतर. हृदयासाठीच्या 'हार्टशीट' या उत्पादनाला २०१५ मध्ये अशी मंजुरी मिळाली. जवळजवळ नऊ वर्षांनी, २०२४ मध्ये, परिणाम दाखवता न आल्याने ते मागे घ्यावं लागलं. या काळात त्याचे पैसे विमा आणि रुग्ण भरत होते.

एवढं म्हटल्यावर माझ्या बाजूच्या लोकांनाही एक सांगायचं आहे. नुसती बंदी मागून घरी जाणं ही पालकांची फसवणूकच आहे. ज्या बापाने जमीन गहाण टाकून काही लाख उभे केले, तो इंजेक्शनकडे का गेला? कारण त्याच्या तालुक्यात वाचोपचार करणारी व्यक्ती नव्हती. निदान व्हायलाच मूल पाच वर्षांचं झालं होतं. शाळेने हात वर केले होते. आणि त्या केंद्रातल्या माणसाने पहिल्यांदा त्याच्याशी अर्धा तास बसून बोलणं केलं होतं. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. वाढीतले विलंब आणि स्वमग्नता लवकर ओळखून जिल्हा पातळीवरच्या केंद्रात मदत द्यायची, हे त्यात लिहिलेलंच आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. मग त्या जिल्हा केंद्रांमध्ये थेरपिस्टची पदं भरलेली आहेत का, आठवड्यातून किती तास एका मुलाच्या वाट्याला येतात, हे विचारायला आपण तेवढ्याच तावातावाने का उठत नाही? स्वमग्न मुलांना आज खरोखर उपयोगी पडणाऱ्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत, रोजच्या आहेत, वर्षानुवर्षांच्या आहेत. त्या मिळणं दुरापास्त आहे, म्हणून एका इंजेक्शनचं आश्वासन इतकं जड होतं.

म्हणून मागणी दुहेरी हवी. २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं कायद्याच्या जोराने लागू करा, 'किमान प्रक्रिये'ची पळवाट बुजवा, एक्झोसोमचं नाव घेऊन तो औषध आहे असं नियमांत लिहा, आणि खोट्या आश्वासनांच्या जाहिरातींसाठी १९५४चा औषधं आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा खरोखर वापरा. त्याच वेळी सरकारी पैशाने, अनेक केंद्रांत, तुलनेच्या गटासह चाचणी उभी करा. स्वमग्नतेसाठी, सेरेब्रल पाल्सीसाठी (मुलांमधल्या मेंदूच्या पक्षाघातासाठी), गुडघ्यांसाठी, जिथे प्राण्यांवरचा पुरावा आणि सुरुवातीचे निकाल पुढे जाण्याइतके आहेत तिथे. ज्या पालकाला प्रयत्न करायचाच आहे, त्याला जायला एक प्रामाणिक जागा मिळू द्या.

तोवर ज्यांच्यावर निर्णयाची वेळ आली आहे त्यांच्यासाठी: भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही सीटीआरआय सगळ्यांना खुली आहे. केंद्राने नोंदणी क्रमांक सांगितला तर तो तिथे टाकून पाहा. पण क्रमांक आहे एवढ्यावर थांबू नका. फ्लोरिडातल्या त्या प्रकरणातही एका अभ्यासाची नोंद अमेरिकेच्या अशाच वहीत होती, आणि काही रुग्णांची समजूत आपण चाचणीत सामील झालो आहोत अशी होती. औषध महानियंत्रकांची परवानगी दाखवायला सांगा. आणि पैसे मागितले का, ते पाहा. २०१९च्या नियमांप्रमाणे चाचणीत सामील झालेल्या माणसाला काही इजा झाली तर उपचार मोफत द्यावे लागतात, चाचणीमुळेच झाली असेल तर भरपाईही द्यावी लागते, आणि मृत्यू आला तर ती वारसांना मिळते. पावती फाडून घेतलेल्या इंजेक्शनला यातलं काहीही लागू होत नाही. तिथे संमतिपत्रावर सही करून सगळी जोखीम पालकानेच अंगावर घेतलेली असते, वर तिचे पैसेही भरलेले असतात.